उसाच्या तळावर आरोग्याची माहिती पोचवताना: जून ते मार्च

ऊसतोड कुटुंबांसाठी आरोग्याची माहिती तयार करायची, हे काम कागदावर पंधरा दिवसांचं दिसतं. मजकूर शासनाच्या पत्रकांत आहेच. तो लोकांच्या बोलीत करायचा, चित्रं काढून घ्यायची, छापायचं आणि तळावर, म्हणजे हंगामात टोळ्या राहतात तिथे, न्यायचं. प्रत्यक्षात सुरुवात जून २०२४ मध्ये झाली आणि शेवटचा फ्लिपचार्ट (एकेक पान उलटत लोकांना दाखवायचा चित्रांचा संच) मार्च २०२५ मध्ये, कोप्या म्हणजे टोळ्यांच्या झोपड्या मोडायच्या आठवड्यात, तळावर पोचला. पुढच्या हंगामात कुणी असं काम हाती घेणार असेल, तर आमच्या चौघांचा वेळ कुठे गेला आणि काय फुकट गेलं, ते इथे क्रमाने देत आहोत.

जून-जुलै हे महिने बीड जिल्ह्यातल्या गावांत आणि तांड्यांवर गेले. पावसाळ्यात टोळ्या घरी असतात, पेरणीची घाई ओसरली की माणसं बोलायला मोकळी होतात. तळावर गेल्यावर ती सवड राहत नाही. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि गाडी उशिरा आली तर रात्रीही भरायची. त्यामुळे 'तुम्हाला काय कळायला हवंय' हा प्रश्न गावातच विचारून घ्यावा. आम्ही आमच्या मनाने चौदा विषयांची यादी नेली होती. त्यातले चारच ठेवले. कसोटी एकच होती: डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी कुटुंबाला स्वतःच्या हाताने काही करता येतं का? त्या चारांसह शेवटी ठरलेले पाच विषय असे: हगवण, मुलांच्या लशी, गरोदरपणातली धोक्याची लक्षणं, सापाचा दंश आणि 'पिशवी', म्हणजे गर्भाशय.

पिशवीचा विषय आमच्या यादीत नव्हता, तो बायकांनी घालायला लावला. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, डॉक्टर म्हणतो पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल, हे खरं का? बीडमधल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना माहीत आहे. फडातल्या बाईला मात्र पुढची पायरी हवी असते. म्हणून त्या पानावर तीनच गोष्टी ठेवल्या. पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा औषधाने उपचार होतो. पिशवी काढायला सांगितलं, तर आधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आणि सोनोग्राफीचा कागद स्वतःजवळ ठेवा.

ऑगस्टमध्ये कागदपत्रं सुरू झाली. पत्रं दोन्हीकडे लागतात, म्हणजे गावाकडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिथे तळ पडतो तिथल्याही. आमचा तळ सांगली जिल्ह्यात होता. मजकूर तपासायला जिल्ह्याच्या विस्तार व माध्यम अधिकाऱ्यांकडे जावं लागतं. पत्रासोबत पूर्ण मजकूर जोडा आणि प्रत्येक सूचनेसमोर ती कुठल्या शासकीय मार्गदर्शक पुस्तिकेतून घेतली ते समासात लिहा. हे आम्ही पहिल्या वेळी केलं नाही आणि फाइल शंका लावून परत आली. पोच प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढची सगळी विचारपूस त्या क्रमांकावर चालते. पहिल्या पत्रापासून तोंडी 'चालेल' मिळेपर्यंत ३७ दिवस गेले. लेखी मंजुरी यायची होती आणि १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. बोधचिन्ह असलेलं काहीही आता निकालानंतर, असं सांगण्यात आलं.

ती अडचण पुढे पथ्यावर पडली. बोधचिन्ह नाही, योजनेचं नाव नाही, कुणाचा फोटो नाही, अशा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स प्रती आम्ही फक्त चाचणीसाठी काढल्या. लोकांना दाखवायच्या आणि परत घ्यायच्या. छापील रंगीत संच हातात असता तर चाचणी न करताच वाटला गेला असता, हे नक्की. झेरॉक्सचा खर्च ₹१,१५० आला आणि या सगळ्या खर्चात तोच सर्वांत सार्थकी लागला.

आता भाषेचं. टोळ्यांत तीन बोली होत्या. बीडकडची मराठी, बंजारा कुटुंबांची गोरमाटी आणि नंदुरबारकडून आलेल्या टोळ्यांची भिली. आम्ही आधी मजकूर तिन्हीत लिहून घेतला. गोरमाटी महाराष्ट्रात देवनागरीतच लिहितात, म्हणून ते सोपं वाटलं. पण वाचायला शिकलेली मुलगी शाळेत मराठीच वाचायला शिकलेली असते. गोरमाटी मजकूर तिच्यापुढे ठेवला की ती अक्षरं जुळवत अडखळायची, तोच मराठीत दिला की सरळ वाचून आजीला गोरमाटीत समजावून सांगायची. म्हणून लिहिलेलं सगळं साध्या मराठीत ठेवलं आणि बोली आवाजात नेल्या. आधी आवाज करून घेतले असते तर लेखी अनुवादाचे तीन आठवडे वाचले असते.

अनुवाद तपासायची एक पद्धत उपयोगी पडली. मूळ मराठी न पाहिलेल्या त्या बोलीच्या माणसाला ध्वनिफीत ऐकवायची आणि 'काय सांगितलं?' एवढंच मराठीत विचारायचं. झिंकची गोळी 'दोन आठवडे' द्यायची, हे परत येताना 'दोन बाजार' असं आलं. आम्ही तेच ठेवलं, पण सोबत आकडाही घातला. कारण दोन बाजार म्हणजे आजच्या बाजारापासून की पुढच्या, यावरून सात दिवसांचा फरक पडतो. शेवटचा मजकूर असा झाला: गोळ्या १४ मोजून घ्या, रोज एक, जुलाब थांबले तरी १४ संपवा. सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर आईच्या दुधात विरघळवून. औषध मध्येच बंद होण्याचं कारण जवळपास प्रत्येक घरात एकच होतं. जुलाब थांबले की उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेला' म्हणून ठेवून दिल्या जायच्या.

नोव्हेंबरात टोळ्या निघाल्या. त्या हंगामात गाळप १५ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं होतं आणि मतदान २० तारखेला होतं. त्यामुळे तळ एकदम भरला नाही, तुकड्या-तुकड्याने भरत गेला. आमचं चाचणीचं वेळापत्रक कोलमडलं. यावर उपाय सापडला तो चिटबॉय. कुठली टोळी उद्या कुठल्या फडात, गाडी कधी लागणार, हे कारखान्याच्या शेतकी विभागाच्या या माणसाला आदल्या संध्याकाळी ठाऊक असतं. मुकादमाची, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराची, परवानगी घ्यावीच लागते, वेळ मात्र चिटबॉयला विचारून ठरवा. तोडीच्या वेळात बैठक बोलावू नका. एखाद्या कोयत्याचा, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचा, खाडा पडला तर दंड त्यांच्याच हिशोबातून जातो आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्याशी कुणी बोलत नाही.

चाचणीत चित्राकडे बोट दाखवून 'इथे काय चाललंय?' एवढंच विचारायचं. 'हे ओआरएस आहे ना?' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. २४ चित्रांपैकी ९ पुन्हा काढावी लागली. कारणं ठरावीक होती. नुसता हात दाखवला की 'हात कुणाचा तुटला?' असा प्रश्न यायचा, म्हणून पूर्ण माणूस काढायचा. चार चौकटींची गोष्ट डावीकडून उजवीकडे वाचायची असते, हे शाळेत न गेलेल्याला कोण सांगणार? म्हणून एका पानावर एकच कृती ठेवली. सर्वांत महागात पडलं असतं ते सर्पदंशाचं चित्र. पायाला दोरी आवळून बांधू नका हे दाखवायला बांधलेल्या पायावर मोठी फुली मारली होती. एका आजीने बोट फिरवत सांगितलं, 'पट्टी अशी आडवी-उभी बांधायची.' ती फुली तिला पट्टीची बांधणी वाटली होती. पुढच्या दोन कोप्यांतही तेच ऐकायला मिळालं. त्या दिवसापासून एकाही चित्रात फुली ठेवली नाही. जे करायचं तेवढंच चित्रात आणि जे करू नये ते तोंडाने.

सर्पदंशाच्या पानावर शेवटी राहिलं ते असं: माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका, कापू नका, चोखू नका, १०८ ला फोन करा, सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत असतं. मण्यारीला वेगळं पान दिलं. कोपीत जमिनीवर झोपणाऱ्याला ती रात्री चावते, दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखतं आणि मग पापण्या जड होतात. घरचे पित्त समजून सोडा पाजत बसतात आणि तास निघून जातात.

फोन करा म्हणणं सोपं आहे. १०८ वर पहिला प्रश्न येतो, 'कुठून बोलताय?' तळावरच्या माणसाला गावाचं नाव नीट ठाऊक नसतं. तो सांगतो, 'कारखान्याच्या तळावर.' म्हणून फ्लिपचार्टच्या शेवटच्या पानावर एक रिकामी पट्टी ठेवली. तीत गाव, फाटा, जवळची ठळक खूण आणि मुख्य रस्त्यापासूनचं अंतर मार्करने भरायचं आणि मुलांकडून पाठ करून घ्यायचं. शेजारी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२, सल्ल्यासाठी १०४. लॅमिनेशनवर साधा स्केचपेन दोन दिवसांत पुसला जातो, कायमचा मार्करच घ्या.

ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याच्या, पानाने सर्वांत जास्त वेळ खाल्ला. पुडी एक लिटरची, २०.५ ग्रॅमची. पत्रकात लिहिलेलं असतं, 'एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळा.' कोपीत लिटर कशाने मोजणार? आम्ही लिहिलं होतं, 'एक तांब्या.' एका संध्याकाळी अकरा कोप्यांतले तांबे गोळा केले आणि एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीने मोजले. सर्वांत लहान तांब्यात ६५० मिली पाणी बसलं, सर्वांत मोठ्यात १,४००. लहान तांब्यात पूर्ण पुडी टाकली तर पाणी फार खारट होतं आणि ते लहान बाळाला धोक्याचं आहे. मोठ्यात टाकली तर पातळ होऊन गुण कमी येतो. बाटलीच सांगावी म्हटलं, तर तळावर ७५० मिलीच्या कोल्ड्रिंकच्या, दोन लिटरच्या, लेबल निघालेल्या अशा सगळ्या प्रकारच्या बाटल्या पाण्याला वापरात होत्या.

शेवटी उपाय निघाला लाल नेलपॉलिशचा. सीलबंद एक लिटरची बाटली सोबत ठेवायची, ती त्या घरातल्याच भांड्यात ओतायची आणि पाणी जिथे येईल तिथे आतून बोट ठेवून बाहेरून रेघ मारायची. तांब्या लहान असेल तर कळशी किंवा पातेलं घ्यायचं. वाळायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात बाकीचं सांगून होतं. रेघ राखेने घासली तरी महिनाभर टिकते, मग पुन्हा मारायची. नेलपॉलिशच्या बारा बाटल्यांचे ₹२४० झाले. एक काळजी घ्या, भांडं कोरडं करून मगच रेघ मारा, ओल्यावर ती सालपटासारखी निघते.

त्या पानावरचं बाकीचं मग पटकन ठरलं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिली, म्हणजे टपरीवरच्या चहाचा अर्धा ते एक कप. त्यापेक्षा मोठ्याला एक ते दोन कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध चालू. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या, त्यात साखर घालू नका, ते उकळू नका. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, मूल पीत नाही, सुस्त पडलंय, यातलं काही दिसलं तर वाट पाहायची नाही.

लशींच्या पानाची अडचण चित्राची नव्हती. कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत राहतं. दसऱ्याला सात महिन्यांचं असलेलं मूल हंगामात नऊ महिने पूर्ण करतं आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस नेमका तळावर असताना येतो. कार्ड नाही म्हणून आई केंद्रावर जात नाही. तिला वाटतं, चुकलं म्हणजे सगळं पहिल्यापासून. म्हणून तीन वाक्यं ठेवली. लस कुठल्याही गावच्या सरकारी केंद्रावर मोफत मिळते. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेला देतात. निघण्याआधी कार्डाचा फोटो घरातल्या दोन फोनवर ठेवा. दोन फोनवर अशासाठी की एक हमखास पाण्यात पडतो किंवा रिचार्जविना बंद असतो. ही बैठक दसऱ्याआधी गावातच घ्यायला हवी होती. आम्ही ती तळावर घेतली, तेव्हा फोटो काढायला कार्ड कुठे होतं?

निकालानंतर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेखी मंजुरी आली आणि छपाई सुरू झाली. पंचवीस संच हवे होते. एवढ्यासाठी ऑफसेट परवडत नाही, डिजिटलच करा. एथ्री आकार, दहा पानं, ३०० जीएसएम कार्ड, समोर चित्र, मागे बोलणाऱ्यासाठी मुद्दे. एका बाजूचे ₹२८, लॅमिनेशन बाजूला ₹१०, वायरो (तारेचं) बायंडिंग ₹९०. एक संच ₹८५०, पंचवीसचे ₹२१,२५०. लॅमिनेशन मॅटच सांगा. चकचकीत पानावर रात्री बॅटरीचा उजेड पडला की चित्राच्या जागी पांढरा गोळा दिसतो.

इथे छापखान्यात हमखास होणारी चूक आमच्याही नमुन्यात झाली. उभ्या फ्लिपचार्टमध्ये समोरचे लोक दुसरं चित्र पाहत असतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या बाजूला पहिल्या पानाची पाठ असते. म्हणजे दुसऱ्या चित्राचे मुद्दे पहिल्या पानाच्या मागे छापायचे. छापणारा साहजिकच ज्याचे मुद्दे त्याच्याच मागे लावतो आणि तुम्ही सापाबद्दल वाचता तेव्हा लोक बाळाची लस पाहत असतात. कोऱ्या कागदांची डमी बनवून, त्यावर आकडे टाकून छापखान्यात द्या. तोंडी सांगून हे कुणालाही कळत नाही.

आवाजाचं काम जानेवारीत झालं. पाच विषय, तीन बोली, प्रत्येक फीत सव्वा मिनिटाच्या आत. बोलणाऱ्या तिघीही त्या त्या समाजातल्या, मानधन ₹१,५०० प्रत्येकी. फिती व्हॉट्सॲपवर टाकल्या, पण स्मार्टफोन बहुधा नवऱ्याकडे नाहीतर मुकादमाकडे असतो. खरा उपयोग झाला तो ट्रॅक्टरच्या मेमरी कार्डांचा. ऊस वाहणारे चालक दिवसभर गाणी लावतात. वीस कार्डांत त्यांच्याच आवडीची गाणी भरून दर सहा गाण्यांनंतर एक फीत टाकली. कार्डाला ₹२८० पडले. एका चालकाने फिती पुसून फक्त गाणी ठेवली, ते चालायचंच. पिशवीची फीत मात्र त्यात घातली नाही. बायकांनी स्पष्ट सांगितलं की हे पुरुषांपुढे रस्त्याने वाजत जायला नको. ती फ्लिपचार्टसोबत, फक्त बायकांच्या बैठकीत ऐकवली.

चित्रांचे ₹१४,४०० आणि दुरुस्तीचे ₹२,७०० धरून, प्रवासासकट एकूण खर्च ₹६९,२४० झाला. त्यात प्रवासाचे ₹१९,४००. हंगाम एप्रिलपर्यंत चालेल असं धरलं होतं. ऊस कमी पडला, फेब्रुवारीपासूनच कारखाने बंद होत गेले आणि पंचवीसपैकी सहा संच वापराविना गावाकडच्या आशाताईंकडे दिले. छपाई उशिरा झाली की असं होतं. मंजुरीचा अर्ज पुढच्या वेळी जूनमध्येच जायला हवा.

पुढच्या हंगामाआधी दोन पानं बदलली. एक म्हणजे ओआरएसचं, तेही टेट्रापॅकमुळे. दुकानात मिळणारी गोड पेयं 'ओआरएस' नावाने खपायची आणि तळाजवळच्या टपरीवर पुडीऐवजी तीच हातात दिली जायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. पण सवय लगेच मोडत नाही, म्हणून चित्रात नुसती पुडी न काढता पुडी, रेघ मारलेलं भांडं आणि चहाचा कप असं एकत्र काढलं. दुसरं पान लशींचं, त्यात कार्डाचा फोटो काढणारी आई आता पत्र्याच्या पेटीशेजारी, गावातल्या घरात बसलेली आहे. वायरो कापून ही दोन पानं बदलता आली आणि नवी वायरो घातली. डमी पुन्हा करावी लागली, कारण पान बदललं की त्याच्या आधीच्या पानाची पाठही बदलते.